सोयीचा बहिरा

वायरलेस धसकटांवरून उड्या मारत पळत येताना दिसला तेव्हा खळ्यावरच्या माणसांना वाटलं, कुठंतरी आग लागली असणार. बावन्न वर्षांचा गडी, पोट जरा सुटलेलं, एक चप्पल पायात आणि एक हातात. दुसऱ्या हातातलं तपकिरी पाकीट तो डोक्यावर धरून हलवत होता.

“बोर्ड येतंय!” तो लांबूनच ओरडला. “इथं! आपल्या गावात! गुरुवारी सकाळी दहा वाजता!”

त्याची बायको वाऱ्याच्या बाजूला उभी राहून धान्य उपणत होती. “आधी ती चप्पल घाला,” ती म्हणाली. मग त्याचं बोलणं तिच्या डोक्यात शिरलं आणि सूप हातातून सुटून राशीवर पडलं. “कुठलं बोर्ड? आपलं बोर्ड?”

“आपलंच! डॉक्टर, कारकून, फायलींची पेटी, सगळं. पोचलं?”

“पोचलं हो, पोचलं!”

सैन्यात तो वायरलेसवर होता, म्हणून गावानं त्याचं नाव वायरलेस ठेवलं. नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती. काहीही सांगितलं की समोरच्यानं ‘पोचलं’ म्हणायचं. बायकोला मीठ मागितलं तरी पोचलं, म्हशीला पाणी पाजायला सांगितलं तरी पोचलं. कोणी म्हटलं नाही तर तो तेच वाक्य दुसऱ्यांदा सांगे, मग तिसऱ्यांदा, आणि माणसं कंटाळून म्हणून टाकत.

घराशेजारी गाडी ठेवायची छपरी होती, तिथं त्याच्या संघटनेचं कार्यालय. माजी सैनिक संघटना. सभासद एकोणीस, सगळे लढाई पाहून आलेले. कोणाचा गुडघा गेलेला, कोणाची पायाची बोटं बर्फात राहिलेली. अध्यक्ष वायरलेस, चिटणीस वायरलेस, आणि झाडू मारायचा तर तोही वायरलेसच. मागणी एकच होती. जखमी माणसांना तपासणारं वैद्यकीय बोर्ड दूर शहरात बसतं, तिथं जायला एक दिवस, रांगेत एक दिवस, यायला एक दिवस. गुडघे नसलेल्या माणसानं गुडघे दाखवायला तिथवर जायचं कसं? बोर्डानंच इकडं यावं. सहा वर्षांत त्यानं अशी एक्केचाळीस पत्रं लिहिली होती आणि प्रत्येकाखाली ‘पोचल्याचे कळवावे’ असं लिहिलं होतं. आज पहिल्यांदा कोणीतरी कळवलं होतं.

खळ्यावर नुसता कल्ला उडाला. बायको हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती, भुसा गेलाय म्हणत होती. मळणीचं मशीन चालवणाऱ्यानंसुद्धा मशीन बंद केलं. फक्त एक माणूस सगळ्यांकडं पाठ करून शांतपणे भुसा झाडत होता. तो वायरलेसच्या बायकोचा थोरला भाऊ.

वायरलेस त्याच्या मागं गेला आणि त्याच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, बोटानं ठोके वाजवू लागला. लहान ठोका, लांब ठोका, दोन लहान. वायरलेसवर संदेश पाठवायची भाषा. भावाचा झाडू थांबला. त्यानं मागं न वळता सगळं ऐकून घेतलं, म्हणजे पाठीनं ऐकून घेतलं, आणि मग तोफेवरच्या माणसासारखा मोठ्यानं बोलला, “पोचलं! गुरुवारी?”

तोफेवरचाच माणूस तो. सैन्यात बावीस वर्षं तोफ चालवली आणि कान तिथंच ठेवून आला. गाव मात्र त्याला तोफवाला म्हणत नव्हतं. गाव त्याला ‘सोयीचा बहिरा’ म्हणत होतं. कारण दुकानात, पारावर, कुठंही, मेव्हणा शेजारी असला की याला सगळं समजे. पाठीवरचं बोट कोण बघतो? लोकांना एवढंच दिसे की याला पाहिजे तेव्हा ऐकू येतं आणि नको तेव्हा येत नाही. पोरं मागून शिट्ट्या मारून बघत. आणि बोर्डाचे कागदही लोकांसारखंच बोलत होते. तीनदा अर्ज केला, तीनदा एकच उत्तर आलं: सेवेत असताना केलेल्या तपासणीत कान उत्तम, सबब बहिरेपण नंतरचं, सबब नामंजूर. चौथा अर्ज शेवटचा, मग फाईल बंद.

मंजूर झालं असतं तर सैनिकी इस्पितळात उपचार होते, कानात बसवायचं यंत्र होतं. पण बहिणीला विचाराल तर तिला एकच गोष्ट पाहिजे होती. माझा भाऊ ढोंगी नाही, हे कोणीतरी शिक्का मारून लिहून द्यावं.

“ज्या आंधळ्या डॉक्टरनं ‘कान उत्तम’ लिहिलं ना,” ती जेवायला वाढताना नेहमी म्हणायची, “त्याच्या बोटांना किडे पडोत.”

वायरलेस तेव्हा खाली मान घालून जेवायचा.

आता खरं ते सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्या डॉक्टरचा काही दोष नव्हता. लढाईच्या दिवसांत एका तंबूत तपासणी झाली. फळीच्या बाकावर दोघं शेजारी बसलेले, वायरलेस आणि तोफवाला. डॉक्टर दहा पावलं मागं उभा राहून हळू आवाजात आकडे म्हणायचा, पुढच्यानं ते परत सांगायचे. त्याआधी चारच दिवस तोफेच्या तोंडाशी गोळा फुटून तोफवाल्याचे कान गेले होते. त्यानं रात्री वायरलेसला सांगितलं होतं, “मला परत पाठवतील. माझ्या जागी तो परवा आलेला कच्चा मुलगा बसेल आणि पहिल्याच दिवशी स्वतः मरेल, दुसऱ्यांना मारेल. काहीतरी कर.” वायरलेसनं केलं. ठोक्यांची भाषा त्यानं तोफवाल्याला फावल्या वेळात आधीच शिकवली होती. डॉक्टर आकडे म्हणत गेला, वायरलेस बाकावर बोटानं वाजवत गेला, तोफवाला बाकातून ऐकत गेला. एक आकडा चुकला नाही. डॉक्टरनं कौतुकानं लिहिलं: कान उत्तम. तोफवाला पुढं कित्येक वर्षं तोफेवर राहिला आणि जे थोडं उरलं होतं तेही घालवून बसला. त्याच वर्षी सुटीत त्यानं वायरलेसला घरी आणलं आणि आपली बहीण दिली.

बहिणीला हे कोणी सांगितलं नव्हतं. वायरलेसनं नाही, कारण त्याची हिंमत झाली नाही. एक्केचाळीस पत्रांत त्यानं अन्याय हा शब्द शंभरदा लिहिला, बोट हा शब्द एकदाही नाही. आणि भावानं नाही, कारण खोटी तपासणी म्हणजे गुन्हा. मेव्हण्याचं पेन्शन गेलं तर बहिणीचं घर बसेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. दोघंही एकमेकांना सांभाळून होते आणि मध्ये तो माणूस ढोंगी ठरत होता.

पण त्या सोमवारी कोणाला एवढा विचार करायला फुरसत नव्हती. मशीनची त्यांची पाळी बुधवारपर्यंतच होती आणि पेंढ्यांचा डोंगर अजून अर्धा उभा, आणि त्याच दोन दिवसांत बोर्डाचीही तयारी करायची. मळणी सोडावी तर मशीन पुढच्या गावाला जाणार, बोर्ड सोडावं तर पुन्हा सहा वर्षं.

“दोन्ही करायचं,” वायरलेस म्हणाला. “मी माणसं बोलावतो.”

मंगळवारी उजाडायला माणसं हजर. अशी फौज कोणत्याच खळ्यानं पाहिली नसेल. सैन्यात ट्रक चालवणारा, त्याला सगळे चाक म्हणत, पायाला बोटं नाहीत म्हणून बदकासारखा डुलत चालायचा. पलटणीचा आचारी, पाठीत लोखंडाचा तुकडा, वाकता येत नाही म्हणून उभ्यानंच पेंढ्या झेलायचा. एकाचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, तो पोती धरायचा. ज्याचं जे शाबूत होतं ते त्यानं कामाला लावलं. सगळ्यांची मिळून साताठ धडधाकट माणसं होत असावीत. धूळ नाकात, कुसळं मानेत, आणि सगळे लग्नघरासारखे मोठमोठ्यानं बोलत होते.

तोफवाला मशीनला पेंढ्या द्यायला पुढं झाला तर मशीनवाल्यानं हात आडवा केला. “मामा, तुम्ही नको. मागच्या साली तुमची बाही पट्ट्यात गेली, आम्ही बोंबललो, तुम्ही ऐकलं का? तुम्ही आपले भुसा ओढा.”

तोफवाल्यानं त्याचे ओठ पाहिले, मान हलवली आणि भुशाकडं गेला. जाता जाता त्यानं मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवला. जरा वेळ ठेवला. “पलीकडचं बेअरिंग गरम होतंय,” तो मोठ्यानं म्हणाला. मशीनवाला हसला. अर्ध्या तासानं बेअरिंगमधून धूर निघाला आणि मशीनवाल्याचं हसू बंद झालं.

बेअरिंग निवेपर्यंत सगळे सावलीत बसले. चहा झाला. वायरलेस उठला. “रंगीत तालीम!” तो म्हणाला. “बोर्डासमोर कसं बोलायचं ते ठरलं पाहिजे. आपली खोड मला माहीत आहे. वर्दी दिसली की आपण ताठ होतो आणि ‘एकदम ठीक साहेब’ म्हणतो. गुरुवारी कोणी ठीक नाही! पोचलं?”

“पोचलं!” सगळे ओरडले.

“आचारी, तू डॉक्टर हो. चाक, तू ये पुढं.”

आचाऱ्यानं चहाची गाळणी गळ्यात अडकवली आणि पोट पुढं काढलं. “काय त्रास आहे तुम्हाला?”

चाक टाचा जुळवून उभा राहिला. “काही नाही साहेब! एकदम ठीक!”

वायरलेसची बायको, म्हणजे या सगळ्यांची वहिनी, इतकी हसली की तिला ठसका लागला. “अरे भावा, पायात बोटं नाहीत ना तुझ्या?”

“वहिनी, तोंडातून आपोआप येतं.”

“मग तोंड शिवून घे आणि बूट काढ!”

मग तोफवाल्याची पाळी आली. दोन डब्यांवर फळी ठेवून बाक केला होता. तोफवाला बसला. वायरलेसही धाप लागली म्हणून त्याच फळीच्या दुसऱ्या टोकाला टेकला. आचारी दहा पावलं मागं गेला आणि पुटपुटला, “सात.”

“सात,” तोफवाला म्हणाला.

“तीन. नऊ.”

“तीन, नऊ.”

आचाऱ्यानं गाळणी काढली. “अहो दादा, तुम्हाला चांगलं ऐकू येतंय की! आता कसं करायचं?”

सगळे गोंधळले. एक-दोघांनी एकमेकांकडं पाहिलं; सोयीचा बहिरा हे नाव त्यांच्याही कानावर होतं. वहिनीचा चेहरा पडला. मग तिची नजर फळीवर गेली. नवऱ्याचा उजवा हात मांडीशेजारी होता आणि त्या हाताचं एक बोट फळीवर अजून हळूहळू वाजत होतं. त्या शहाण्याला स्वतःलाच पत्ता नव्हता.

“हात उचला तो!” ती ओरडली. “अहो, तुम्हीच वाजवताय! तुम्हीच!”

वायरलेसनं विस्तव लागल्यासारखा हात उचलला. खळ्यावर हशा फुटला. आचारी हसताना पाठीला हात लावून कळवळत होता.

“बरं झालं इथंच कळलं,” ती हसत म्हणाली. “बोर्डासमोर असं वाजवलं असतं तर माझा भाऊ जन्मभर चांगल्या कानाचा ठरला असता!”

सगळे पुन्हा हसले. वायरलेस हसला नाही. तो आपल्या बोटाकडं पाहत होता. समोर तोफवाला बसला होता, त्याला हसण्याचं कारण ऐकू आलं नव्हतं, पण मेव्हण्याचा चेहरा त्याला वाचता येत होता.

बुधवारी दुपारी शेवटची पेंढी मशीनमध्ये गेली. मशीनवाला निघाला तेव्हा तोफवाल्याकडं बघून त्यानं बेअरिंगला हात लावून दाखवला आणि मान झुकवली. पोती गाडीत चढवताना दोघं मेव्हणे एका पोत्याच्या दोन बाजूंना होते. तेव्हा तोफवाला एकदम म्हणाला, त्याच्या मानानं हळू, म्हणजे इतरांच्या साध्या बोलण्याएवढं, “दाजी, उद्या काही बोलायचं नाही.”

वायरलेसला त्याच्या पाठीपर्यंत हात पोचवता येत नव्हता. त्यानं पोत्यावर वाजवलं: का?

“का म्हणजे? माझे कान गेले ते गेले. तिचं घर आहे. शपथ आहे तुम्हाला माझी.”

वायरलेसनं पोत्याला खांदा दिला. पोतं वर गेलं.

गुरुवारी सकाळी बोर्डासाठी मिळवलेलं बियाण्याचं रिकामं गोदाम ओळखू येत नव्हतं. जमीन झाडून पाणी मारलेलं, शाळेतून आणलेला लांब बाक, टेबलावर धुतलेली चादर. एकोणीस माणसं अंघोळी करून, दाढ्या करून, पदकं लावून बाहेर रांगेत उभी. दहाला पाच कमी असताना जीप आली आणि तिच्यातून डॉक्टर उतरली. वर्दीतली, तिशीची, धुळीनं माखलेली बाई. एकोणीस जणांच्या टाचा एकदम जुळल्या.

“आराम से उभे रहा, काका,” ती म्हणाली. “तुमच्यापैकी ती पत्रं कोण लिहितं?”

वायरलेस पुढं झाला. “मी साहेब. मॅडम साहेब.”

“एक्केचाळीस पत्रं एका गठ्ठ्यात बांधून माझ्या टेबलावर ठेवली होती. वाचून संपायला दोन रात्री गेल्या. म्हटलं, हा माणूस आपण गेल्याशिवाय थांबायचा नाही.” ती हसली आणि रांगेतले सगळे दात दाखवून हसले. वायरलेसची छाती अशी फुगली की पदकं वाजली.

पहिला आचारी आत गेला. “काय त्रास आहे?” डॉक्टरनं विचारलं.

“काही नाही साहेब! एकदम ठीक!” आचारी गरजला.

दाराशी उभ्या असलेल्या वहिनीनं कपाळाला हात लावला. पण डॉक्टरला अशा माणसांची सवय असावी. तिनं टेबलावरची पेन्सिल खाली टाकली आणि म्हणाली, “तेवढी उचलून द्या.” आचारी पेन्सिलकडं बघत राहिला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग तो बोलायला लागला तो दहा मिनिटं थांबला नाही.

तोफवाल्याची पाळी आली तशी वहिनी आत येऊन भिंतीला चिकटून उभी राहिली. वायरलेस अध्यक्ष म्हणून टेबलाशेजारी होता. दोन्ही हात त्यानं खिशात घातले होते. डॉक्टरनं कान तपासले, दिवा घालून पाहिला, मागं जाऊन आकडे म्हटले. तोफवाला समोरच्या भिंतीकडं बघत बसला होता. एकाही आकड्याला त्याचं तोंड उघडलं नाही.

“कान पूर्ण गेलेत,” डॉक्टर म्हणाली. “त्यात शंका नाही.”

वहिनीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. तेवढ्यात कारकुनानं फायलीत बोट घालून एक पान पुढं केलं. डॉक्टरनं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि फाईल मिटली.

“पण माझा हात इथं अडतो. गोळा फुटल्यावर चार दिवसांनी याच माणसाची तपासणी झाली. दहा पावलांवरून वीस आकडे, वीसही बरोबर. कान उत्तम. मग हे बहिरेपण लढाईतलं आहे असं मी कशाच्या आधारावर लिहू? मला वाईट वाटतं, ताई. पण मला ही फाईल बंद करावी लागेल.”

“तो डॉक्टर आंधळा होता!” वहिनी ओरडली. “नाहीतर दारू प्यालेला होता!”

“ताई, वीस आकडे चुकून बरोबर येत नाहीत.”

कारकुनानं शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला. वायरलेसच्या खिशात काहीतरी वळवळत होतं. ते त्याचं बोट होतं. त्यानं बायकोकडं पाहिलं. मग हात बाहेर काढला.

“थांबा,” तो म्हणाला. “तो डॉक्टर आंधळा नव्हता. ते वीस आकडे मी सांगितले.”

तोफवाल्याला शब्द ऐकू आले नाहीत, पण मेव्हण्याचे ओठ त्यानं पाहिले आणि तो ताडकन उठला. “दाजी! खाली बसा!” गोदामातल्या चिमण्या उडाल्या.

“मीच बसतो,” वायरलेस म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. त्यानं सगळं सांगितलं. तंबू, फळी, कच्चा मुलगा, बोट. एकही गोष्ट गाळली नाही. दारात गर्दी झाली होती. भिंतीजवळ वहिनी जिथं होती तिथंच होती, फक्त हात तोंडावरून खाली आले होते.

डॉक्टरनं फाईल पुन्हा उघडली. “काका, तुम्ही चांगले मित्र आहात, हे मला पत्रांतून कळलंय. मित्रासाठी माणूस अशी गोष्ट रचूही शकतो. दाखवा मला.”

तिनं खुणेनं तोफवाल्यालाही पुन्हा बाकावर बसवलं आणि ती मागं गेली, दहा पावलं. कारकुनालाही तिनं मागं बोलावलं. ती अगदी हळू म्हणाली, “चार.”

वायरलेसनं बाकावर वाजवलं. तोफवाल्यानं ओठ घट्ट मिटले.

“आठ. एक.”

वायरलेसनं वाजवलं. तोफवाला समोर बघत होता, मान ताठ, गालाचं हाड हलत होतं. त्याला सगळं पोचत होतं आणि तो बोलणार नव्हता. मेव्हण्याला बुडवायला तो तोंड उघडणार नव्हता. दारातून चाक कळवळून म्हणाला, “दादा, बोला ना!” ते तर त्याला ऐकूच जाणार नव्हतं.

“सहा,” डॉक्टर म्हणाली. मग नेहमीच्या आवाजात, “काका, हे काही होत नाही.”

वायरलेसच्या कपाळावरून घाम उतरत होता. त्यानं सहा वाजवला. आणि मग, एकोणतीस वर्षांत रोज प्रत्येक संदेशाच्या शेवटी वाजवलं होतं तेच वाजवलं: पोचलं?

“पोचलं!” तोफवाला गरजला.

सवयीनं दगा दिला होता. त्यालाही ते कळलं. त्यानं मेव्हण्याकडं पाहिलं, डोळे भरून आले, आणि मग अडवून धरलेलं पाणी सुटावं तसे आकडे सुटले, “चार! आठ! एक! सहा!”

असा कल्ला त्या गोदामात कधी झाला नसेल. दारातली माणसं आतच घुसली. आचारी पाठीचं लोखंड विसरून उडी मारायला गेला आणि चाकाच्या अंगावर पडला. डॉक्टर स्वतः टाळ्या वाजवत होती. “पुन्हा! पुन्हा!” ती म्हणाली, आणि पंधरा आकडे तिनं म्हटले, एकदा तर नुसते कारकुनाच्या कानात सांगितले, वायरलेसलाही ऐकू येऊ दिले नाहीत, तेवढे तोफवाल्याला आले नाहीत, बाकीचे सगळे आले.

“आता उठा तुम्ही बाकावरून,” ती वायरलेसला म्हणाली. तो उठून भिंतीशी गेला. डॉक्टरनं आचाऱ्याला खूण केली. त्यानं चहाचं पातेलं आणि डाव घेतला, तोफवाल्याच्या मागं, डोक्यापासून हातभर अंतरावर धरला आणि जीव खाऊन बडवला. लोकांनी कान झाकले. बाहेर जीपचा ड्रायव्हर दचकून उठला. बाकावर तोफवाला वाशावर परत येऊन बसलेल्या एका चिमणीकडं शांतपणे बघत होता.

दारातल्या गर्दीत मशीनवाला होता, दुकानदार होता. शिट्ट्या मारणाऱ्या पोरांचे बापही होते.

डॉक्टर लिहायला बसली. लिहिलेलं तिनं मोठ्यानं वाचलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. बहिरेपण लढाईतलं. पूर्वीचा शेरा चुकीचा. अर्ज मंजूर. कारकुनानं शिक्का मारला. त्याचा आवाज तोफवाल्याला नाही, पण टेबलावर ठेवलेल्या त्याच्या हाताला पोचला.

“तुमचं नावही यात लिहावं लागलं मला,” ती वायरलेसला म्हणाली. “वरून विचारणा होईल. काय होईल ते मी सांगू शकत नाही.”

“होऊ दे विचारणा,” वायरलेस म्हणाला. “मला पत्रं लिहायची सवय आहे.”

त्यानंतर त्या दिवशी रांगेतला एकही माणूस ‘एकदम ठीक’ म्हणाला नाही. चाकानं तर बोलायच्या आधीच दोन्ही बूट काढून टेबलावर ठेवले.

चार वाजता जीप गेली. माणसं अजून गोदामात ओरडत, हसत होती, एकमेकांच्या पाठी थोपटत होती. कोणाचं काय मंजूर झालं हे दहादा सांगून झालं होतं. वायरलेस बाहेर येऊन भिंतीच्या सावलीत उभा राहिला. बायको आली. तिच्या हातात तो कागद होता.

“एकोणतीस वर्षं,” ती म्हणाली.

“हो.”

“मी रोज तुमच्यासमोर त्या डॉक्टरला शिव्या घातल्या. बोटांना किडे पडोत म्हटलं.”

“हो.”

“आणि तुम्ही जेवत होता.”

तिचे ओठ थरथरत होते, आणि ते रागानं की आणखी कशानं, हे त्याला वाचता येत नव्हतं. पलीकडं तोफवाला एकटा गाडीजवळ बसला होता. गर्दीनं त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, पण डॉक्टरनं शेवटी काय वाचलं, हे त्याला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. जो सांगायचा तो इथं खाली मान घालून उभा होता.

“तुमच्याशी मी उद्या बोलेन,” ती म्हणाली. “चांगलं दिवसभर बोलेन. आज मला एवढंच सांगा.” तिनं आपला तळहात पुढं केला. “‘तू खरा आहेस’ हे कसं वाजवतात?”

वायरलेसनं तिच्या तळहातावर वाजवलं. तिला जमेना. पुन्हा वाजवलं. तिसऱ्या वेळी ती त्याच्याबरोबर ओठ हलवत होती, लहान, लांब, लहान. मग ती भावाच्या मागं जाऊन उभी राहिली आणि त्याच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, वाजवू लागली. बोट अडखळत होतं, मध्येच थांबत होतं. एक ठोका चुकला, तो तिनं पुसल्यासारखा हात फिरवला आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं.

तोफवाला ताठ झाला. हे बोट ओळखीचं नव्हतं. तो वळला नाही. शेवटचा ठोका पाठीवर पडेपर्यंत तो गाडीचं चाक घट्ट धरून बसून राहिला.

“पोचलं,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा अगदी हळू.